सालईखेडचा शेवटचा ठराव

त्या दिवशी सालईखेड ग्रामपंचायतीचं दप्तर ट्रॉलीत भरून नगरपरिषदेत गेलं. दोन कपाटं, एक टेबल, सहा खुर्च्या आणि रजिस्टरांचे गठ्ठे. ट्रॅक्टरच्या मागे सायकलवर ग्रामपंचायतीचे लिपिक देवमन बाबू होते. त्यांनी गठ्ठे मोजून दिले, पोच घेतली आणि ते परत निघाले. नाल्याच्या पुलापाशी गावाची पाटी होती. ती काढलेली होती. त्या दिवसापासून सालईखेड ग्रामपंचायत नाही. तिथे शहराचा एक प्रभाग आहे.

मी हे पाहिलं नव्हतं. त्यांनीच मला सांगितलं, बऱ्याच वर्षांनी, आणि तेही एखादी नोंद वाचून दाखवावी तसं. मी त्या शहरातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. शहर म्हणजे तालुक्याचं गाव. सालईखेड तिथून कोसभर. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवणारी वस्ती. सकाळच्या भाजीबाजारातल्या निम्म्या टोपल्या तिकडच्याच. शहर वाढत वाढत नाल्यापर्यंत आलं आणि हद्दवाढीत नाला ओलांडून गेलं. देवमन बाबूंना नगरपरिषदेने सामावून घेतलं. आवक-जावकच्या टेबलावर काही वर्षं काढून ते निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात वाचनालयात आले.

उंच, खांद्यातून वाकलेले. पायजम्याच्या उजव्या पायाला सायकलची साखळी लागू नये म्हणून अडकवलेली क्लिप, जी ते उतरल्यावरही काढत नसत. दिवसभर एक पायजमा मोकळा आणि एक बांधलेला, असे ते वावरत. काउंटरपाशी येऊन म्हणाले,

“बाई, गावाचा इतिहास कसा लिहितात, असं एखांदं पुस्तक असन तं द्या.”

“कोणत्या गावाचा?”

“कोणत्याबी. कुठून सुरू करतात तेवढं पाह्यचं हाय.”

माझ्याकडे होती ती तीन पुस्तकं मी दिली. चौथ्या दिवशी त्यांनी ती परत आणली, कव्हरं पुसून.

“हे सारं राजायचं हाय,” ते म्हणाले. “आमच्या इकडे कोनी राजा आलाच नाई. एक डाव कोनाचे तरी घोडे नाल्यावर पानी प्यायले थांबले होते म्हंतात, पन त्याले बी साक्ष नाई.”

त्यानंतर ते रोज येऊ लागले. खिडकीजवळची खुर्ची, जाड कव्हराची लांब वही, समास आखायला लाल पेन. अक्षर गोल आणि सरळ, शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी. दुपारी वाचनालयात फारसं कोणी नसतं. वर्तमानपत्रं चाळणारे अकरापर्यंत निघून जातात, मग पंखा, मी आणि ते. कधी कधी तासभर आम्ही एक शब्द बोलत नसू, आणि ते मला बरं वाटे. माझ्याही घरी बोलणारं कोणी नाही.

ते बोलत तेव्हा दप्तराची भाषा बोलत. “ठराव असा की, आज ऊन जास्त हाय, खिडकी लावावी.” मी मान हलवली की म्हणत, “सर्वानुमते मंजूर.” ही सवय नोकरीतली, पण घरी जास्त मुरलेली. त्यांची बायको कौसाबाई त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी गेली. तिच्याबद्दल ते कमी बोलत, पण हे एक सांगितलं होतं. सकाळी ते म्हणायचे, “ठराव असा की, आज भरीत करावं.” तर ती चुलीपासून म्हणायची, “सूचकानं वांगे भाजावे. अनुमोदक भाकरी थापते.” सांगता सांगता ते हसले, आणि मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, “आता घरात कोरम नाई, बाई.”

त्यांची लिहिण्याची रीत मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. ग्रामसभेत एकजण ठराव मांडतो, तो सूचक. दुसरा त्याला पाठिंबा देतो, तो अनुमोदक. ही दोन नावं असल्याशिवाय ठराव लिहायचा नाही, असा नियम. देवमन बाबूंनी गावाचा इतिहासही तसाच लिहायला घेतला. शाळेवर पत्रे कधी चढले, नाल्याला मोठा पूर कधी आला, पहिली मुलगी दहावी कधी झाली, प्रत्येक गोष्टीखाली दोन नावं: सूचक अमुक, अनुमोदक तमुक. एकाने सांगितलेलं ते ऐकून घेत, चहा पीत, आणि वहीत लिहीत नसत. दुसरा माणूस मिळेपर्यंत ती गोष्ट त्यांच्या लेखी घडलेली नव्हती.

गावातला पहिला हातपंप कुठे बसला यावर दोन म्हाताऱ्यांत भांडण होतं. एक म्हणे मारुतीपुढे, दुसरा म्हणे खालच्या वेटाळात, म्हणजे खालच्या आळीत. बाबूंनी शोध घेतला. पहिलं पाणी भरणारी बाई म्हणे शेलूबाजारला मुलाकडे राहायला गेली होती. बाबू जीपने तिकडे गेले. तिने सांगितलं, “मारुतीपुढंच. पह्यली घागर माही होती.” अनुमोदक? तर सासू, आणि सासू तर वारलेली. मग तेव्हा तिच्याकडेच राहणारा तिचा भाऊ आता अनसिंगला आहे असं कळलं. बाबू अनसिंगला गेले. भाऊ म्हणाला, “हाव, मारुतीपुढंच. म्या सवताच्या डोयानं पाह्यलं. ते चिखलात घसरली, घागर चेपली, अन् घरी येऊन म्हने गाईनं लात मारली.” बाबूंनी वहीत लिहिलं की पहिला हातपंप मारुतीपुढे बसला व पहिली घागर चेपली. ते वाचून मी हसले.

“हसन्यावारी नाई, बाई,” ते म्हणाले. “दोघायनं सांगतलं. आता ते झालं.”

एकदा मी त्यांच्यासाठी संगणकावरून एक पान छापून आणलं. नॉर्वे नावाच्या थंड देशातल्या एका गावाचं. तिथेही आपल्या ग्रामपंचायतीसारखी लहान पंचायत होती, आणि तीही एके दिवशी शेजारच्या मोठ्या पंचायतीत मिसळली. ती कधी झाली, तिच्या हद्दी कुठवर होत्या, लोक काय पिकवत, चर्च कुठे होतं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सरपंच कोण कोण होते, सगळं त्या पानावर होतं. मी मराठीत सांगत गेले. ते हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते.

“सगळे सरपंच लिहून ठेवले?”

“सगळे.”

“एवढुशा गावाचे.” त्यांनी ते पान हातात घेतलं. त्यावर एक लहान चित्र होतं, बर्फ आणि लाकडी घरं. मग त्यांनी विचारलं, “अन् शेवटी काय लिहिलं हाय?”

“अमुक दिवशी शेजारच्या पंचायतीत विलीन झाली.”

“कोनाच्या सह्या होत्या?”

“ते नाही दिलेलं.”

“तेच तं पाह्यजे होतं,” ते म्हणाले. त्यांनी पानाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. त्या दिवशी ते लवकर निघून गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सरपंचांची यादी पूर्ण केली. मग त्यांचं लिहिणं थांबलं. ते येत, समास आखत, वही उघडी ठेवून खिडकीबाहेर बघत. असं दिवाळीपासून होळीपर्यंत चाललं. शेवटी एका दुपारी मीच विचारलं, “बाबू, शेवटचं प्रकरण राहिलंय का?”

“हाव,” ते म्हणाले. आणि मग सांगू लागले.

सालईखेडला ग्रामसभा भरत नसे. भाजीचं गाव, सकाळी बाजार, दुपारी खुडणी, संध्याकाळी पाणी देणं. सभेला बसायला कोणाला वेळ नव्हता. मग रीत पडली. बाबू रजिस्टर आणि शाईपॅडची डबी घेऊन घरोघर, वाफ्या-वाफ्यांत फिरत. वर तारीख घातलेलं कोरं पान असे. लोक सह्या करत, अंगठे देत, आणि ठरावाचा मजकूर नंतर कचेरीत बसून लिहिला जाई. यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. पंचवीस वर्षं गाव असंच चाललं होतं. विचारलं तर बाबू सांगत, हा रस्त्याचा, हा शाळेच्या कुंपणाचा. तेवढं पुरे होई.

हद्दवाढीच्या वेळी तेव्हाचे सरपंच अंबादासभाऊ म्हणाले, “बाबू, नळाच्या पाइपलाइनीचा ठराव हाय, दोन दिवसांत सह्या आना.” मजकुराचा कच्चा कागद वरून टाइप होऊन आला होता. बाबूंनी तो वाचला. त्यात पाइपलाइन खाली होती. वर लिहिलं होतं की गाव शहराच्या हद्दीत घेण्यास ग्रामसभेची हरकत नाही.

“मले समजलं होतं, बाई,” ते म्हणाले. “लोक म्हंतात, बाबूले काय मालूम, त्याले सांगतलं तसं त्यानं केलं. मले समजलं होतं. गाव जाते हे समजलं होतं. मी नगरपरिषदेत कायम होईन हे बी समजलं होतं. दोन दिवस फिरलो अन् साऱ्यायले सांगतलं, नळाचा हाय.”

 

नळ आला, एक दिवसाआड. पण गाव शहरात गेल्यावर रोजगार हमीची कामं बंद झाली, कारण ती खेड्यासाठी असतात. घरकुलाची यादी नव्याने सुरू झाली आणि जुनी नावं तिच्यात राहिली नाहीत. बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, केलेले वाफे मालकांनी विकले आणि तिथे प्लॉटचे ले-आउट पडले. आता वांग्यांच्या जागी सिमेंटचे खुंट आहेत, नंबर घातलेले. चहाच्या टपरीवर कोणी बाबूंना पाहून म्हणे, “या कायम साहेब, बसा.” ते बसत आणि चहा पीत. ती थट्टाच होती. तिच्यात राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

त्यांना तेवढी एक गोष्ट वहीत लिहायची होती: सभा न होता देवमनने सह्या घेतल्या आणि ठराव नळाचा आहे असं सांगितलं. सूचक ते स्वतः. अनुमोदक पाहिजे होता. त्यांच्या रीतीप्रमाणे, दुसऱ्या माणसाने सांगितल्याशिवाय हे घडलेलंच नव्हतं. आणि घडलेलं नसेल तर त्यांनी ते ठेवायचं कुठे?

आधी ते अंबादासभाऊंकडे गेले. भाऊ आता ले-आउटचंच काम करतात. त्यांनी बाबूंना खुर्ची दिली.

“सभा झाली होती, बाबू. रजिस्टरात हाय नं. तुमच्याच अक्षरात हाय.”

“तेच तं म्हून राह्यलो, भाऊ. माह्याच अक्षरात हाय.”

“मंग कायले उकरता? नळ आला का नाई?”

“आला.”

“मंग झालं तं.”

मग ते एकेका दारी गेले. पूर्वी सह्यांसाठी जात तसेच, त्याच क्रमाने. कोणाला आठवत नव्हतं. कोणाला आठवत होतं पण बाबूंच्या तोंडावर म्हणायला जड जात होतं. “जाऊ द्या नं बाबू. तुमी का सवतासाठी केलं?” असं म्हणून लोक त्यांना चहा पाजत. माणूस बरा, बायको वारलेली, त्याला कशाला दुखवायचं. सगळ्या गावाने मिळून त्यांना इतकं सांभाळून घेतलं की त्यांना कुठे टेकायलाच जागा राहिली नाही.

शेवटी त्यांनी सूचकाचीच सही असलेलं शेवटचं पान लिहिलं आणि कोणी अनुमोदन देईल म्हणून वही मारुतीच्या पारावर वाचून दाखवायचं ठरवलं. मलाही बोलावलं. मी रिक्षाने गेले. संध्याकाळचे पाच वाजले होते. नऊ माणसं आली. बाबूंनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. लोक मन लावून ऐकत होते. हातपंपाची घागर आली तेव्हा सगळे हसले, आणि एकजण म्हणाला, “ते बुढी आली असती तं बाबूले मारलं असतं.” सरपंचांची नावं येत गेली तशी लोक मान हलवत होते. मी पाहत होते, बाबूंचा आवाज बारीक होत चालला होता. शेवटचं पान त्यांनी उलटलं आणि पाण्याचा घोट घेतला.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून कोणीतरी हाक दिली, “नळ आला व माय.”

नऊपैकी सात लोक उठले. “येतोच बाबू, हांडे लावून येतो.” कोणी अर्धवट हसलं, कोणी चप्पल शोधली. राहिलेल्या दोघांतला एक बहिरा होता आणि दुसऱ्याला झोप लागली होती. बाबूंनी त्यांना वाचून दाखवलं नाही. ते वही मांडीवर घेऊन थांबले. गल्लीत हांड्यांचा आवाज येत राहिला. कोणी परत आलं नाही. दिवेलागणीला मला म्हणाले, “चला बाई, तुमाले रिक्षा पाहून देतो.”

पार्बताबाई त्या दिवशी आली नव्हती. ती बाबूंच्याच वयाची, बटईने वाफा करणारी. जमीन विकली गेल्यावर नाल्याकाठच्या चिंचोळ्या पट्टीत मेथी लावते. भाजीबाजारात शेवटच्या ओळीत बसते. मी तिच्याकडूनच भाजी घेते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे होते तेव्हा बाबू आले आणि तिच्यापुढे उकिडवे बसले.

“पार्बताबाई, एक विचारायचं हाय.”

“विचारा. पन बाजूले बसा, गिऱ्हाईक अडते.”

ते सरकले. “हद्दवाढीच्या ठरावाले तुमचा अंगठा मी कुठं घेतला, आठवते?”

“आठवते नं. वांग्याच्या वाफ्यात. मी पानी देत होती. हात चिखलाचे होते तं तुमी आपल्या दुपट्ट्यानं पुसले.”

“कायचा हाय म्हनलो होतो?”

“नळाचा म्हनले.” तिने एका बाईला जुडी दिली, पिशवीत नीट बसवून दिली, आणि पुन्हा त्यांच्याकडे वळली. “मी इचारलं होतं, बाबू, अजून काई हाय का याच्यात. तुमी म्हनले, नाई.”

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. ते विसरले होते की त्यांना सांगता आलं नव्हतं, मला माहीत नाही. त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि गुडघ्यावर ठेवून तिने सांगितलेलं एका ओळीत लिहिलं. मग पिशवीतून शाईपॅडची डबी काढली, उघडली आणि वही तिच्याकडे फिरवली.

“हेच लिहिलं हाय इथं. अनुमोदक म्हून अंगठा द्या.”

पार्बताबाईने त्या डबीकडे पाहिलं. हात मेथीवरच होते.

“नाई, बाबू.”

“खोटं हाय का?”

“खरं हाय. पन तुमच्या कागदावर एक डाव देल्ला अंगठा. आता नाई देत.”

ती हे भांडणाच्या सुरात म्हणाली नाही. आज सांबार नाही, असं सांगावं तशी म्हणाली, आणि मेथीवर पाणी शिंपडू लागली.

 बाबू “बरं” म्हणाले. डबी बंद केली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि वही काखेत धरली. मी तिथे आहे हे त्यांनी पाहिलं होतं, पण माझ्याशी बोलले नाहीत. मीही हाक मारली नाही. बाजाराच्या टोकाला सायकल लावलेली होती. तिच्यावर ते बसले नाहीत. हँडल धरून, गर्दीतून वाट काढत, सालईखेडच्या रस्त्याने चालत गेले. कांद्याची गाडी मध्ये आली, ती सरकली तेव्हा ते दिसत नव्हते.

त्यानंतर ते वाचनालयात आले नाहीत. महिनाभराने, दुपारी जेवून पडले असताना, ते वारले. त्यांची मुलगी अकोल्याला असते. तेराव्यानंतर ती वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, बाबांनी इथे द्यायला सांगून ठेवलं होतं.

मी वहीला दाखल क्रमांक दिला आहे. ती काउंटरमागच्या कपाटात आहे. आजवर ती कोणी मागितलेली नाही. शेवटच्या पानावर शेवटचा ठराव आहे. सूचक म्हणून देवमन बाबूंची सही आहे. अनुमोदकाची जागा कोरी आहे.